श्वासातला अग्नी आणि त्याचे राखणदार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत मी बोलावे असा आग्रह कार्यकारिणीने धरला, तेव्हा मी प्रशासनातील काही अनुभव सांगेन अशीच तिची अपेक्षा असावी. मी विषय कळविला तो फुप्फुसांचे रक्षण करणाऱ्या प्रथिनांचा. चिटणीसांनी दूरध्वनी करून, पत्रात काही चूक तर झाली नाही ना, असे विचारले. चूक झालेली नव्हती. मी वैद्य नाही, शास्त्रज्ञ नाही. कला शाखेचा पदवीधर असून तीस वर्षे केंद्र सरकारच्या नोकरीत फायली वाचीत आलो आहे. परंतु एका प्रसंगाने मला या विषयाची फाईल उघडावयास लावली आणि ती अजून मिटवता आलेली नाही. हे टिपण आपल्या मंडळाच्या एका डॉक्टर सभासदांनी नजरेखालून घातले आहे. तरीही काही उणे राहिले असेल तर तो दोष माझा समजावा.

तो प्रसंग एप्रिल २०२१ मधला. त्या महिन्यातील दिल्ली आपणांपैकी कोणीही विसरलेले नाही. रुग्णालयात खाट नाही, बाजारात सिलिंडर नाही, अशी अवस्था होती. माझी आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या खेड्यात तिने चाळीस वर्षे चुलीपुढे काढली होती आणि त्या धुराने तिची फुप्फुसे आधीच दुबळी झाली होती. त्यात करोनाचा ताप आला. खाट मिळेना, तेव्हा मंडळाच्या तरुण सभासदांनी मध्यरात्री कोठून तरी एक सिलिंडर आणून आमच्या घरी उभा केला. त्यांचे ऋण मी या व्यासपीठावरून जाहीरपणे मान्य करतो.

डॉक्टरांनी दूरध्वनीवरून सांगितले होते, की बोटावरील यंत्राचा आकडा ९० च्या आसपास ठेवा, त्याहून वर नेण्याच्या मागे लागू नका. पण पहाटे आईला धाप लागलेली पाहून माझा धीर सुटला. थोडा प्राणवायू चांगला, तर अधिक प्राणवायू अधिक चांगला, या हिशेबाने मी चावी पुरती उघडली. आकडा ९८ वर गेला आणि मी निश्चिंत झालो. तासाभराने आई विचित्र गुंगीत गेली. हाक मारली तरी ओ देईना. डॉक्टरांना घाबरून दूरध्वनी केला, तेव्हा ते आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यावर कडाडले. "अहो साहेब, प्राणवायू हे औषध आहे. औषधाला मात्रा असते!" त्यांनी चावी हळूहळू कमी करावयास लावली. दोन-तीन तासांनी आईने डोळे उघडले.

आईच्या बाबतीत जे घडले त्याचे कारण त्यांनी मागाहून समजावून सांगितले. जुन्या फुप्फुसविकारात प्राणवायू अति झाला, तर शरीरात कर्बवायू साठतो आणि गुंगी येते. हा धोका आजच्या विषयाहून वेगळा आहे, हे मी प्रथमच स्पष्ट करतो. परंतु 'औषधाला मात्रा असते' हे वाक्य माझ्या मनातून जाईना. ज्याच्यावाचून माणूस पाच मिनिटे जगत नाही, तो वायू अपाय करू शकतो? मग आपण सारे आयुष्यभर तो आत घेत असताना सुखरूप कसे राहतो? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे आजचे भाषण.

प्राणवायूचे हे दुहेरी रूप त्याच्या शोधाइतकेच जुने आहे. १७७४ मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली याने हा वायू वेगळा काढला. गंमत अशी, की तो व्यवसायाने धर्मोपदेशक होता. या वायूत मेणबत्ती झगझगीत पेटते आणि लवकर संपते हे पाहून त्याने शंका व्यक्त केली, की निरोगी माणसाने हा वायू शुद्ध स्वरूपात घेतला तर त्याचे आयुष्यही मेणबत्तीसारखे भराभर जळून जाईल की काय. पुढे १८७८ मध्ये फ्रान्सच्या पॉल बेर याने दाखविले, की मोठ्या दाबाखालचा प्राणवायू प्राण्यांना झटके आणून मारतो. १८९९ मध्ये जेम्स लॉरेन स्मिथ याने त्याहून महत्त्वाची गोष्ट दाखविली. दाब फार वाढविला नाही, तरी प्राणवायूचे प्रमाण दीर्घकाळ अधिक राहिले, तर पहिला आघात फुप्फुसांवर होतो; त्यांना सूज येते आणि ती पाण्याने भरू लागतात.

फुप्फुसांवरच का, हे त्यांची रचना पाहिली की उमगते. आपण दिवसाकाठी दहा ते बारा हजार लिटर हवा आत घेतो. ती कोट्यवधी सूक्ष्म वायुकोशांत शिरते. हे वायुकोश उलगडून पसरले, तर सुमारे सत्तर चौरस मीटर जागा व्यापतील. म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या सरकारी निवासस्थानापेक्षा अधिक! वायुकोशातील हवा आणि केशवाहिनीतील रक्त यांच्यामध्ये जो पडदा असतो, तो बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. शरीरातील सारे रक्त, सुमारे पाच लिटर, दर मिनिटाला या पडद्यापाशी येऊन जाते. इतर अवयवांना प्राणवायू रक्तातून मोजूनमापून मिळतो. फुप्फुसांना मात्र तो थेट हवेतून, सर्वाधिक प्रमाणात भेटतो. आणि त्याबरोबर धूर, धूळ आणि जंतूही येतात.

आता प्राणवायू अपाय करतो तो कसा? याचे उत्तर आपल्या भगिनींच्या स्वयंपाकघरात आहे. तेलाचा डबा उघडा राहिला की तेल खवट होते. ओली विळी न पुसता ठेवली की गंजते. ही हवेतील प्राणवायूचीच करणी. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीचे वेष्टन स्निग्ध पदार्थांचे असते, आणि तेही खवट होऊ शकते. शरीरात प्राणवायूचे पाणी होते तेव्हा त्याच्या एका रेणूला एकूण चार इलेक्ट्रॉन स्वीकारावे लागतात. बहुतेक वेळा हा व्यवहार बिनबोभाट पार पडतो. पण काही थोडे रेणू एकच इलेक्ट्रॉन घेऊन मध्येच निसटतात. अशा अर्धवट रेणूला सुपरऑक्साइड म्हणतात. आपले अपुरेपण भरून काढण्यासाठी तो शेजारच्या रेणूंशी झोंबतो आणि त्यातून दुसरे अधिक दाहक पदार्थ निर्माण होतात. अशा कणांना मुक्त मूलके हे नाव आहे. प्राणवायूची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा या दोन्हींच्या मुळाशी ही मूलकेच आहेत, असे रेबेका गेर्शमन या अर्जेंटिनाच्या विदुषीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये मांडले. त्या वेळी तिच्या म्हणण्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. शरीरात असे काही घडत असेल, तर त्याचा बंदोबस्त करणारे कोणी तरी शरीरात असले पाहिजे. आणि तसा कोणी माहीत नव्हता.

वास्तविक तो माहीत होता, पण त्याची ओळख पटलेली नव्हती. येथे मला आमच्या कचेरीची आठवण होते. १९३८ मध्ये केंब्रिज येथे मान आणि केलिन या दोघांनी बैलाच्या रक्तातून एक निळसर-हिरवे प्रथिन वेगळे काढले. त्यात तांबे होते, म्हणून त्याला हीमोक्युप्रीन असे नाव दिले. त्याचे कार्य काय, ते कोणालाच सांगता येईना. तांब्याचा साठा करीत असेल, असा शेरा मारून प्रकरण दप्तरी दाखल झाले. एकतीस वर्षे ते तसेच पडून होते! १९६९ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात अर्विन फ्रिडोविच आणि त्यांचा विद्यार्थी जो मॅककॉर्ड हे निराळाच प्रयोग करीत होते. सुपरऑक्साइडमुळे होणारी एक रासायनिक क्रिया काही प्रथिने मिसळताच थांबते, असे त्यांना दिसले. शोध घेता घेता कळले, की थांबविणारे ते प्रथिन नव्हेच. त्यात भेसळ म्हणून आलेले दुसरे एक प्रथिन हे काम करीत आहे. ती भेसळ म्हणजे तेच जुने हीमोक्युप्रीन. त्याचे नवे नाव पडले सुपरऑक्साइड डिसम्यूटेज. ज्याला तांब्याची कोठी समजले होते, तो पहारेकरी निघाला.

हे प्रथिन सुपरऑक्साइडचे दोन रेणू समोरासमोर आणते. एकाचा पुन्हा प्राणवायू होतो आणि दुसऱ्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड. काम इतक्या त्वरेने होते, की दोन रेणूंची गाठ पडण्यास जो वेळ लागतो तेवढाच काय तो विलंब. परंतु हायड्रोजन पेरॉक्साइडही निरुपद्रवी नाही. ते पुढच्या पहारेकऱ्यांच्या हवाली होते. त्यातील एक कॅटालेज. याचा प्रयोग मी आज सकाळी घरी करून पाहिला. औषधाच्या दुकानातील हायड्रोजन पेरॉक्साइडचे चार थेंब कच्च्या बटाट्याच्या कापावर टाकले. तत्काळ फेस आला. तो फेस म्हणजे कॅटालेजने मोकळा केलेला प्राणवायू. उकडलेल्या बटाट्यावर मात्र काहीही झाले नाही, कारण शिजताना प्रथिनाची घडी मोडलेली असते. सौभाग्यवतींनी विचारले, "भाषण द्यायचे आहे की भाजी करायची आहे?" पण कॅटालेजचा एक रेणू दर सेकंदाला लाखो रेणूंचा निकाल लावतो हे सांगितल्यावर त्यांनीच दुसरा बटाटा चिरून दिला.

कॅटालेजच्या जोडीला ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज आणि पेरॉक्सिरेडॉक्सिन ही प्रथिने आहेत. पहिल्याच्या महत्त्वाच्या प्रकारांत सेलेनियम या मूलद्रव्याचा अंश असतो. तो लागतो अत्यल्प, पण लागतोच. दुसऱ्याचा एक प्रकार फुप्फुसांत विपुल सापडतो आणि तो खवट झालेल्या पेशीवेष्टनाची डागडुजीही करतो. म्हणजे पहाराही तोच आणि गवंडीकामही तेच.

फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांची गोष्ट आणखी विलक्षण आहे. या वाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू पाझरतो. वाहिनीभोवतीच्या स्नायूला तो सैल पडण्याचा निरोप देतो. वाहिनी रुंदावते आणि रक्त सुखाने वाहते. बाळाने पहिला श्वास घेताच त्याच्या फुप्फुसांतील आकसलेल्या वाहिन्या उघडतात, त्यातही या वायूचा मोठा हात असतो. या संशोधनासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि म्युराड या तिघांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण या निरोप्याचे आयुष्य काही सेकंदांचे, आणि वाटेत सुपरऑक्साइड टपलेला असतो. दोघांची गाठ पडली, की निरोप तर पोहोचत नाहीच, उलट त्यांच्या संयोगातून पेरॉक्सिनायट्राइट नावाचा जहाल पदार्थ तयार होतो. वाहिनी आकसते, तिचे अस्तर दुखावते आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यावर ताण पडतो.

म्हणून निसर्गाने या वाटेवर स्वतंत्र चौकी बसविली आहे. स्वीडनमधील स्टेफान मार्कलुंड यांनी १९८२ मध्ये मानवी फुप्फुसांतून सुपरऑक्साइड डिसम्यूटेजचा एक निराळा प्रकार वेगळा काढला. इतर प्रकार पेशींच्या आत काम करतात. हा पेशींच्या बाहेर असतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत, अस्तर आणि स्नायू यांच्यामधल्या पट्टीत तो चिकटून बसलेला असतो. म्हणजे निरोप्याला ज्या गल्लीतून जावयाचे, नेमका त्याच गल्लीत. १९९५ मध्ये हे प्रथिन नसलेले उंदीर तयार करण्यात आले. साध्या हवेत ते इतरांसारखेच वाढले. शुद्ध प्राणवायूत ठेवताच मात्र ते इतरांपेक्षा लवकर मेले. पहारेकऱ्याची किंमत शांततेच्या काळात कळत नाही, हेच खरे.

या पहारेकऱ्यांची संख्या गरजेप्रमाणे वाढते. १९७४ मध्ये क्रॅपो आणि टिअर्नी यांनी घुशीएवढे पांढरे उंदीर सात दिवस ८५ टक्के प्राणवायूत ठेवले. नंतर शुद्ध प्राणवायूत सोडले, तेव्हा ते तगले. एरवी असे उंदीर तीन दिवसांच्या आत दगावतात. त्या सात दिवसांत त्यांच्या फुप्फुसांतील सुपरऑक्साइड डिसम्यूटेज वाढले होते. ही वाढ कोणाच्या हुकमाने होते, हे पुढे जपानी संशोधकांच्या कामातून उलगडले. पेशीत एनआरएफ-२ नावाचे एक प्रथिन असते. एरवी दुसरे एक प्रथिन त्याला धरून ठेवते आणि नष्ट होऊ देते. दाहक पदार्थ वाढले, की ही पकड सुटते. एनआरएफ-२ पेशीकेंद्रात जाते आणि अनेक संरक्षक प्रथिने तयार करण्याचा आदेश एकदम काढते. हा आदेश काढू न शकणाऱ्या उंदरांची फुप्फुसे सिगारेटच्या धुराने लवकर झिजतात, असे २००४ मध्ये दिसून आले.

पण फौज उभी राहण्यास वेळ लागतो. प्राण्यांवरील अभ्यासांत असे आढळले, की गर्भाच्या फुप्फुसांत ही प्रथिने वाढतात ती दिवस भरत आल्यावर. अपुऱ्या दिवसांचे बाळ जन्मते तेव्हा त्याचे पहारेकरी अजून कामावर रुजूच झालेले नसतात. गेल्या शतकाच्या पाचव्या आणि सहाव्या दशकांत पाश्चात्त्य देशांत अशा बाळांना प्रेमाने, भरपूर प्राणवायू दिला गेला आणि हजारो बाळांची दृष्टी गेली. डोळ्यांतील कोवळ्या रक्तवाहिन्यांना तो सोसला नाही. नियंत्रित चाचण्या झाल्या, कारण सिद्ध झाले, मात्रा आखली गेली. तो इतिहास वाचताना मला माझी पहाट आठवली. चावी पुरती उघडणारा हात बहुधा मायेचाच असतो.

आता आपल्याला याचा उपयोग काय? पहिली गोष्ट गोळ्यांची. 'ॲन्टिऑक्सिडंट' असे छापलेल्या बाटल्या आज दुकानोदुकानी दिसतात. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपींवर एक मोठी चाचणी झाली. बीटा-कॅरोटिनच्या गोळ्यांनी फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. १९९४ मध्ये निष्कर्ष आला : गोळ्या घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी अधिक! अमेरिकेतील अशीच दुसरी चाचणी १९९६ मध्ये मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. तेथे वाढ २८ टक्के होती. पहारेकरी प्रथिने बाटलीतून पोटात घेऊनही भागत नाही. जठरात त्यांची डाळीच्या प्रथिनासारखीच वाट लागते. ती ज्याची त्यानेच, ज्या जागी हवीत त्या जागी घडवावी लागतात. गाजर, आवळा, पालेभाजी अवश्य खावी, ती जेवण म्हणून. ताबीज म्हणून नव्हे.

दुसरी गोष्ट धुराची. सिगारेटच्या एका झुरक्यात मुक्त मूलके अगणित संख्येने असतात. हा धूर आणखी एक काम करतो. फुप्फुसांचा लवचीकपणा राखणारे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन नावाचे प्रथिन तो एकाच मोक्याच्या ठिकाणी जाळून निकामी करतो. चुलीचा धूर याच कुळातला. आणि आपल्या या शहराची हवा? आपल्या देशाने २००९ मध्ये आखलेल्या मानकानुसार अडीच मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ वर आणली. दिल्लीच्या हिवाळ्यात हा आकडा कित्येक दिवस शेकड्यांत असतो. पहारेकऱ्यांची संख्या वाढते हे खरे. पण रोजच दरोडा पडू लागला, तर कोठला बंदोबस्त पुरा पडणार?

म्हणून माझी आपणांस तीन विनवण्या आहेत. ज्यांना धूम्रपानाची सवय आहे त्यांनी ती या सुवर्णमहोत्सवी वर्षात सोडावी. मी स्वतः २०२१ च्या मे महिन्यात सोडली. गावाकडे अजून चुलीवर रांधणारी आई, काकू, वहिनी असेल, तर तिला साडीआधी गॅसची शेगडी घेऊन द्यावी. आणि घरी कोणास प्राणवायू लावण्याचा प्रसंग आला, तर यंत्राच्या चावीला डॉक्टरांनी सांगितल्यावाचून हात लावू नये.

आई त्या दुखण्यातून उठली आणि आणखी दोन वर्षे आमच्यात राहिली. बरी झाल्यावर मी तिला त्या पहाटेची हकीकत सांगितली आणि क्षमा मागितली. ती म्हणाली, "अरे, एवढं काय त्यात? चूल विझायला आली की फुंकणीने फुंकायचं आणि पेटली की फुंकणी बाजूला ठेवायची. नाहीतर भाकरी करपते." चार इयत्ता शिकलेल्या माझ्या आईने प्रीस्टलीचे नाव ऐकलेले नव्हते.

आपल्या प्रत्येकाच्या छातीत ही चूल अहोरात्र पेटलेली आहे आणि तिच्याभोवती न बोलता, न थकता पहारा देणारे उभे आहेत. घरापासून शेकडो कोस दूर आलेल्या आपणां मराठी कुटुंबांसाठी या मंडळाने पन्नास वर्षे असाच पहारा दिला. त्या एप्रिलच्या मध्यरात्री सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढणारी मुले मी पाहिली आहेत, म्हणून हे सांगण्याचा मला अधिकार आहे. पहारेकऱ्यांची आठवण संकट आल्यावरच करण्याची आपली रीत आहे. ती या निमित्ताने थोडी बदलावी.